तळघरातलं दुकान : भांड्यांचे आयातदार स्ट्राउस यांचं प्रकरण

1874 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका आयातदार पेढीने दुसऱ्याच्या दुकानाचं तळघर भाड्याने घेतलं. पेढी एल. स्ट्राउस अँड सन्स, माल चिनी मातीची भांडी आणि काचसामान, आणि दुकान रोलंड मेसीचं. 1888 मध्ये हे भाडेकरू त्या दुकानात भागीदार झाले आणि 1896 मध्ये सगळं दुकान त्यांच्या मालकीचं झालं. अमेरिकेत ही कथा बहुधा शेवटाकडून सांगतात : मेसीज या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या दुकानाची न्यूयॉर्कच्या हेरल्ड स्क्वेअरवरची भव्य इमारत, बुडत्या टायटॅनिकवर पती इसिडोरला सोडून जायला नकार देणारी आयडा स्ट्राउस, वगैरे. मला स्वतःला ते तळघर जास्त महत्त्वाचं वाटतं. आयातीचा धंदा त्या काळी नेमका कुठे अडत होता आणि ती अडचण कशी सुटली, हे तिथेच कळतं.

जॉर्जियातली चौदा वर्षं

पेढीचा मूळ पुरुष लाझारस स्ट्राउस, जन्म 1809, गाव ओटरबर्ग. नैऋत्य जर्मनीतला हा पॅलॅटिनेट प्रांत 1816 पासून बव्हेरियाच्या राज्यात होता. घरचा धान्याचा आणि बियाण्याचा व्यापार, थोडी जमीन, गावात मान. जर्मन राज्यांतल्या 1848 च्या लोकशाहीवादी उठावाला त्याची सहानुभूती होती आणि उठाव मोडल्यावर त्या माणसांना तिथे फारसं भवितव्य उरलं नाही. 1852 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बायकापोरं मागे ठेवून तो अमेरिकेला गेला आणि जॉर्जियात फेरीवाला झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी फेरी! बहुतेक जर्मन ज्यू फेरीवाले विशी-पंचविशीतले असत.

फेरीच्या धंद्याची रीत अशी की माल उधारीवर उचलायचा, मळ्यामळ्यातून विकायचा, ठरल्या मुदतीत पैसे चुकते करायचे आणि पुढचा माल उचलायचा. माल देणारा बहुधा ओळखीतला, आपल्याच समाजातला. कागदपत्रं जुजबी. मुदत पाळली तर पुढच्या खेपेला दुप्पट माल मिळे, चुकवली तर पुढचं दारच बंद. लाझारस घोडागाडी घेऊन फिरे. फिरत फिरत तो टॅलबटन नावाच्या छोट्या गावी आला तेव्हा तिथे कोर्टाचा आठवडा चालू होता आणि आजूबाजूच्या मळ्यांमधून माणसं गावात लोटली होती. जिल्ह्याजिल्ह्याला फेरीचा परवाना घेणं परवडेनासं झालं होतं. त्यामुळे एका जागी बसावं असं ठरलं. स्वतंत्र दुकान मिळेना, तेव्हा गावच्या शिंप्याच्या दुकानात जास्तीची जागा होती, ती त्याने भाड्याने घेतली. म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली आपला माल मांडायचा उद्योग या घराण्याने मेसीजच्या वीस वर्षं आधीच केलेला होता.

1854 मध्ये बायको सारा आणि चार मुलं आली. थोरला इसिडोर नऊ वर्षांचा, मग हर्मिना, नेथन आणि सर्वांत धाकटा तीन वर्षांचा ऑस्कर. गावात ज्यू कुटुंब एवढं एकच. दुकान चाललं. दक्षिणेतल्या इतर बऱ्या घरांसारखे यांच्याही घरी गुलाम होते. आधी मालकांकडून भाड्याने घेतलेले, मग विकत घेतलेले. ऑस्करने पुढे आठवणींमध्ये हे स्वतःच लिहिलं आहे, आणि लहानपणी आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं हेही.

1861 मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झाल्यावर टंचाई आली, भाव भडकले, आणि दोष कुणावर ढकलायचा याचं उत्तर लोकांना लगेच सापडलं. 1862 मध्ये टॅलबट जिल्ह्याच्या ग्रँड ज्यूरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ज्यू व्यापाऱ्यांचं वर्तन देशद्रोही असल्याचा ठपका ठेवला. गावात ज्यू व्यापारी एकच होता, त्यामुळे ठपका कुणावर होता हे सांगायला नकोच. लाझारसने लगेच जाहीर केलं की मी गाव सोडतो. मग त्याच ज्यूरीतले लोक आणि गावचे पाद्री त्याच्या दारी आले, तुम्हाला उद्देशून नव्हतं हो, म्हणून विनवू लागले. तो थांबला नाही. 1863 मध्ये कुटुंब कोलंबस शहरात गेलं. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर 1862 मध्ये, समोरच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने जनरल ग्रँटने आपल्या हद्दीतून सरसकट सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला होता. निमित्त कापसाच्या चोरट्या व्यापाराचं. लिंकनने तो काही आठवड्यांत मागे घ्यायला लावला. युद्धात दोन्ही बाजूंचं एवढ्या एका बाबतीत मात्र एकमत होतं.

इसिडोर 1863 मध्ये, अठरा वर्षांचा असताना, उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून इंग्लंडला पोचला. दक्षिणेसाठी जहाजं मिळवायची अशी मूळ योजना होती. ती बारगळली. मग त्याने लंडन आणि अॅमस्टरडॅममध्ये दक्षिणेच्या सरकारचे रोखे विकले आणि त्यातून बारा हजार डॉलरच्या आसपास सोनं गाठीला बांधलं. याच नाकेबंदीमुळे अमेरिकी कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्या मुंबईत कापसाच्या गाठींचं सोनं झालं. प्रेमचंद रायचंदांचा तो तेजीचा काळ. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईच्या शेअरबाजाराची जी दाणादाण उडाली ती मराठी वाचकाला सांगायला नको. इसिडोरचे रोखेही त्याच दिवसांत रद्दी झाले असणार, पण त्याने ते वेळेवर विकले होते. विकत घेणाऱ्यांचं काय झालं हा प्रश्न यशोगाथांमध्ये येत नाही.

कर्ज

16 एप्रिल 1865 ला उत्तरेच्या घोडदळाने कोलंबस जिंकलं. गोदामं जळाली, त्यात लाझारसने साठवलेला कापूसही गेला. माणूस छप्पन्न वर्षांचा, भांडवल शून्य, आणि न्यूयॉर्कच्या ठोक व्यापाऱ्यांचं युद्धापूर्वीचं देणं डोक्यावर.

हे देणं बुडवायला कुणी त्याला दोष दिला नसता. दक्षिणेतले शेकडो दुकानदार युद्धात बुडाले होते. त्यांच्या उत्तरेकडच्या सावकारांनी मिळेल त्या टक्क्यांवर तडजोड करून खाती मिटवली होती. लाझारस न्यूयॉर्कला जाऊन जॉर्ज ब्लिस या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याला भेटला. तडजोड करा, या वयात पोराबाळांकडे बघा, असं ब्लिसनेच त्याला सुचवलं. लाझारसने पूर्ण रक्कम फेडायची तयारी दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत फेडलीही. मुलांसाठी पैसा ठेवता आला नाही तरी नाव ठेवीन, असा त्याच्या बोलण्याचा आशय ऑस्करने नोंदवला आहे.

मुलाने लिहिलेली वडिलांची गोष्ट म्हणून तिच्यातली थोडी साखर बाजूला काढा. तरी हिशेब खणखणीत आहे. छप्पन्न वर्षांच्या, परप्रांतीय, ज्यू, कफल्लक माणसाला 1866 मध्ये न्यूयॉर्कला माल उधार कोण देणार होतं? 1841 मध्ये लुईस टॅपनने सुरू केलेली मर्कंटाइल एजन्सी, पुढची आर. जी. डन कंपनी, देशभरच्या व्यापाऱ्यांची पत किती याच्या नोंदी ठेवत असे. गावोगावचे वार्ताहर, बहुधा वकील, दुकानदाराची मालमत्ता, सवयी, घरची परिस्थिती कळवत आणि ठोक व्यापारी त्या वाचून उधार द्यायचं की नाही ते ठरवत. या नोंदींत ज्यू व्यापाऱ्याच्या नावापुढे 'ज्यू' किंवा 'इस्राएली' असं आवर्जून लिहिलेलं असे. यांची मालमत्ता नेमकी किती ते कळत नाही, जपून उधार द्या, अशा धर्तीचे शेरेही असत. ख्रिस्ती दुकानदाराच्या नोंदीत त्याचा धर्म कुणी काढत नसे. लाझारसने जुनं देणं पै-पैनं चुकवलं ते या पार्श्वभूमीवर. नवी पत उभी करायची तर त्याच्याकडे हा एवढाच माल होता.

चेंबर्स स्ट्रीटवरचा धंदा

1866 मध्ये न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटवर एल. स्ट्राउस अँड सन या नावाने भांड्यांच्या आयातीची पेढी सुरू झाली. इसिडोरच्या सोन्यातला काही भाग आईसाठी पश्चिम एकोणपन्नासाव्या रस्त्यावर घर घेण्यात गेला, बाकीचं धंद्यात. नेथन सामील झाल्यावर 'सन'चं 'सन्स' झालं. त्याच्याकडे विक्रीचं काम आलं. ऑस्कर कॉलेजात गेला, वकील झाला आणि पुढे काही वर्षांनी पेढीत आला.

हा धंदा समजून घ्यायला फ्रान्समधल्या लिमोज या भांड्यांच्या गावाहून निघालेल्या एका पेटीच्या मागे जाऊ या. कारखान्यात भांडी पेंढ्यात बसवून पेटी ठोकली जाते. बिलाच्या प्रती अमेरिकी वकिलातीत नेऊन कॉन्सलचा शिक्का घ्यावा लागतो. पेटी रेल्वेने बंदरावर आणि तिथून जहाजाने न्यूयॉर्कला जाते. तिथे जकात खात्याचे लोक बिलातल्या दहा पेट्यांमागे किमान एक पेटी सरकारी गोदामात नेऊन उघडतात आणि बिलात लिहिलेली किंमत खरी आहे का ते ठरवतात, कारण जकात किमतीच्या टक्क्यांवर आहे. 1864 च्या कायद्याप्रमाणे साध्या पांढऱ्या पोर्सिलेनवर 45 टक्के, रंगीत-सोनेरी नक्षीच्या मालावर 50 टक्के. त्यात आणखी एक मेख अशी की तेव्हा पेटी, पेंढा आणि वाहतुकीचा खर्चही त्या किमतीत धरत. भांड्यांच्या धंद्यात हा खर्च मोठा, म्हणजे आयातदार पेंढ्यावरसुद्धा जकात भरत होता. 1883 मध्ये हे बंद झालं, पण त्याच कायद्याने दर वाढवून 55 आणि 60 टक्के केले.

किमतीवरून भांडण झालं तर ते महागात पडे. 1874 पर्यंत दंडाच्या रकमेत जकात अधिकाऱ्यांचा आणि खबऱ्यांचा कायदेशीर हिस्सा असायचा. फेल्प्स, डॉज ही जुनी, धर्मशील, धातूंची आयात करणारी कंपनी. बिलांमधल्या किरकोळ विसंगतींवरून तिला 2 लाख 71 हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. फार बोभाटा झाला आणि 1874 मध्ये ही हिस्सेदारी कायद्याने बंद झाली.

याहून मोठी डोकेदुखी चलनाची. युद्धाच्या खर्चासाठी 1862 पासून सरकारने कागदी नोटा काढल्या होत्या. देशात सगळा व्यवहार त्यांत चाले, फक्त आयात जकात सोन्यातच भरायची असा कायदा होता. परदेशी कारखानदाराला पैसेही सोन्याच्या हिशेबात द्यायचे. सोनं आणि कागद यांचा दर रोज बदले. हिशेबापुरतं समजा, सोनं 140 आहे, म्हणजे सोन्याच्या 100 डॉलरला 140 कागदी डॉलर. फ्रान्समधली 100 डॉलरची नक्षीदार भांडी आणली. त्यावर 50 जकात. एकूण 150 सोनं, म्हणजे 210 कागदी. भाडं, विमा आणि फूटतूट आणखी वेगळी. आता माल गोदामात असतानाच सोनं 130 वर उतरलं तर शेजारच्या आयातदाराला तोच माल 195 ला पडतो आणि आपल्याला भाव पाडावा लागतो. उलट माल विकून झाला, पण लिमोजची हुंडी अजून भरायची आहे आणि सोनं 150 वर चढलं, तर नफा तिथेच जातो. म्हणजे दर वर गेला तरी मरण आणि खाली आला तरी मरण. 24 सप्टेंबर 1869 ला, जे गूल्ड आणि जिम फिस्क या दोन सटोडियांच्या डावाने, सोन्याने एका सकाळी 162 चा आकडा ओलांडला आणि सरकारने सोनं विकायला काढताच ते दुपारपर्यंत कोसळलं. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या आयातदारांची काय अवस्था झाली असेल ते ज्याने कधी परदेशी माल आणला आहे त्याला कळेल. नोटा आणि सोनं एका भावाला यायला 1 जानेवारी 1879 उजाडावं लागलं.

आणि मग गिऱ्हाईक. आयातदार विकत असे गावोगावच्या दुकानदारांना, तेही महिनोन् महिन्यांच्या उधारीवर. 1846 च्या कायद्याने माल सरकारी बाँडेड गोदामात ठेवून जकात लांबवता येत असे, तेवढाच काय तो श्वास. पण गिऱ्हाइकाची वसुली लांबली की सगळी साखळी ताणली जायची. सप्टेंबर 1873 मध्ये जे कुक ही सर्वांत नावाजलेली बँकिंग पेढी बुडाली, शेअरबाजार दहा दिवस बंद राहिला, आणि देशभरची वसुली ठप्प झाली. मंदी पुढे वर्षानुवर्षं चालली.

नेथनची फेरी

सहा महिन्यांनी नेथनने मेसीजचं तळघर घेतलं. रोलंड मेसी नँटकेट बेटावरचा, तरुणपणी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेलेला. हातावर तारा गोंदलेला. आधीच्या दुकानांत अपयश आल्यावर 1858 मध्ये त्याने सिक्स्थ अॅव्हेन्यूवर, चौदाव्या रस्त्याजवळ, हे दुकान काढलं. पहिल्या दिवसाची विक्री 11 डॉलरच्या आसपास. त्याचा नियम एकच : विक्री रोखीने आणि भाव ठरलेला. उधारी नाही, घासाघीस नाही. जाहिराती मात्र भरपूर. 1874 पर्यंत दुकान शेजारच्या जागांमध्ये पसरलं होतं आणि रोज हजारो बायका तिथे येत. नेथन चिनी मातीची बशी काखेत मारून मेसीकडे गेला, असं घराण्यात सांगतात. बशीचं खरंखोटं सोडा. मेसीला नवा विभाग हवा होता आणि त्यासाठी भांड्यांच्या साठ्यात पैसे गुंतवायची गरज पडणार नव्हती.

भाड्याच्या विभागाची व्यवस्था साधारण अशी असते : माल, विक्रेते आणि जोखीम भाडेकरूची, छप्पर आणि गिऱ्हाईक दुकानाचं. दुकानदाराला विक्रीतला वाटा मिळतो. गिऱ्हाइकाला तर दोन मालक आहेत हे कळतही नाही.

आता मघाची साखळी पुन्हा बघा. लिमोजची हुंडी काही महिन्यांनी भरायची आहे. जकात माल सोडवताना. आणि विक्री? त्याच दिवशी, रोख. माल लवकर फिरला तर हुंडीची तारीख यायच्या आत पैसा हातात येतो, म्हणजे कारखानदाराच्या पैशावर धंदा चालतो. सोन्याच्या चढउताराला वाव राहतो तो आठवड्यांचा, महिन्यांचा नव्हे. गावोगावची वसुली, बुडीत खाती, पत तपासणाऱ्या वार्ताहरांचे शेरे, यातलं काहीच तळघरातल्या काउंटरवर लागत नाही. पेढीचा ठोक धंदा चेंबर्स स्ट्रीटवरून चालूच होता, तळघर ही त्याला मिळालेली रोख पैशाची वाट.

दुसरा फायदा मालाच्या निवडीत. ठोक आयातदाराला कोणती नक्षी चालते ते उशिरा आणि ऐकीव कळतं, कारण मधे दुकानदार असतो. तळघरात ते शनिवारी संध्याकाळीच कळे. एका डिनर सेटमध्ये शंभरावर नग असत. त्यातली सूपची थाळी कुणी घेत नाही आणि भाजीचं झाकणाचं भांडं मात्र आधी संपतं, हे ज्याला काउंटरवरून दिसतं तो लिमोजला पुढची मागणी निराळी लिहितो. हे गिऱ्हाईक ओळखण्याचं काम आधीही कुणी केलं होतं. न्यूयॉर्कचाच डेव्हिड हॅव्हिलँड 1840 च्या दशकात लिमोजला जाऊन राहिला आणि अमेरिकी आवडीची भांडी तिथेच बनवू लागला. स्ट्राउस त्याच वाटेने गेले. लिमोज आणि बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कार्ल्सबाडहून आलेल्या त्यांच्या भांड्यांच्या बुडाशी पेढीची आद्याक्षरं दिसतात, आणि 1888 च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कट ग्लासचं, म्हणजे काचेवर नक्षी कोरण्याचं, स्वतःचं कामही सुरू केलं.

तळघराचा विभाग दुकानातल्या सर्वांत चांगल्या चालणाऱ्या विभागांपैकी झाला. त्यापुढचं मात्र हुशारीच्या खात्यावर टाकता येत नाही. मेसी 1877 मध्ये पॅरिसला वारला. त्याचा भागीदार ला फोर्ज 1878 मध्ये, दुसरा भागीदार व्हॅलेंटाइन 1879 मध्ये. दोन वर्षांत तिघे मालक गेले. दुकान चार्ल्स वेब्स्टर आणि जेरोम व्हीलर यांच्याकडे आलं. 1887 मध्ये व्हीलर बाहेर पडला, आणि वेब्स्टरला नवा भागीदार हवा होता तो दुकान आतून ओळखणारा. असा माणूस तळघरात गेली चौदा वर्षं उभा होता. 1888 मध्ये इसिडोर आणि नेथन भागीदार झाले, 1896 मध्ये वेब्स्टरचा हिस्साही त्यांनी घेतला. दरम्यान 1893 मध्ये ब्रुकलिनच्या एका मोठ्या दुकानातही त्यांनी भागीदारी घेतली. ते पुढे अब्राहम अँड स्ट्राउस म्हणून नावाजलं.

जकातीची लढाई

आयातदार सत्तेच्या जवळ गेला की जकातीबद्दल काय बोलतो हे पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सीतलं ट्रेंटन हे अमेरिकी कुंभारकामाचं केंद्र, आणि तिथल्या कारखानदारांना परदेशी मालावर उंच भिंत हवी होती. 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने 55 आणि 60 टक्क्यांचे दर कायम ठेवले. वर आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असलंच पाहिजे अशी अट मार्च 1891 पासून लागू केली. जुन्या बशीच्या बुडाशी देशाचं नाव असेल तर ती बहुधा 1891 नंतरची, असा संग्राहकांचा ठोकताळा याच अटीवरून आला.

इसिडोर कमी जकातीच्या बाजूचा, डेमोक्रॅट, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडचा मित्र. जानेवारी 1894 मध्ये रिकाम्या झालेल्या एका जागेवर तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, गेला. त्याच वर्षीच्या विल्सन कायद्याने पोर्सिलेनचे दर 30 आणि 35 टक्क्यांवर आले. मुदत संपल्यावर तो पुन्हा उभा राहिला नाही. 1897 च्या डिंगली कायद्याने दर परत 55 आणि 60 वर नेले. पेढीला कमी दर मिळाले ते जेमतेम तीन वर्षं. पण तोवर स्ट्राउस बंधूंच्या मिळकतीत आयातीचा वाटा पूर्वीइतका निर्णायक राहिलाही नव्हता.

ज्यू असण्याचा भाग किती?

या प्रकरणाला 'ज्यूंची व्यापारी बुद्धी' असं नाव देऊन मोकळं होणं सोपं आहे. आपल्याकडे मारवाडी, गुजराती, सिंधी व्यापाऱ्यांबद्दल नेमकं हेच बोलतात, आणि ते तितकंच पोकळ असतं. हॅव्हिलँड ज्यू नव्हता. बावो अँड डॉटर, आहरेनफेल्ट अशा न्यूयॉर्कच्या इतर भांडी-आयातदारांनीही युरोपात कारखाने, रंगकामाच्या कार्यशाळा काढल्या. मार्ग सगळ्यांचा एकच होता.

ज्यू असण्याने दोन गोष्टी ठरल्या. एक, सुरुवातीची उधारी कुणाकडून मिळाली. फेरीचा पहिला माल, जॉर्जियातली ओळख, जर्मन भाषा येत असल्याने बोहेमियाच्या कारखानदारांशी थेट पत्रव्यवहार, हे समाजाच्या जाळ्याने दिलं. दोन, बाहेरच्या बाजारात पत किती खर्चून मिळवावी लागली. ग्रँड ज्यूरीचा ठपका आणि मर्कंटाइल एजन्सीचे शेरे एकाच जातीचे आहेत. 1877 मध्ये, युद्धात उत्तरेच्या सरकारचे रोखे युरोपात खपवणाऱ्या जोसेफ सेलिगमन या बँकरला न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलने ज्यू म्हणून खोली नाकारली. ते हॉटेल ज्याच्या हाती होतं त्या हेन्री हिल्टनकडेच ए. टी. स्ट्युअर्टचं प्रचंड कापड दुकान आलेलं होतं. ज्यू गिऱ्हाइकांनी त्या दुकानाकडे पाठ फिरवली. 1882 मध्ये स्ट्युअर्टची पेढी बंद झाली, त्यामागे हिल्टनचा गैरकारभारही होताच. पण हिल्टन ज्या लोकांना दारात उभं करत नव्हता त्यांच्यातलेच काही जण तेव्हा चार-पाच रस्त्यांपलीकडच्या तळघरात रोज गल्ला मोजत होते.

एक आक्षेप मात्र राहतो. रोख विक्रीचं शहाणपण स्ट्राउसांचं नव्हे, ते मेसीचं. दुकान, गर्दी, ठरलेला भाव, जाहिरात, सगळं आयतं मिळालं. बरोबर आहे. पण 1874 मध्ये न्यूयॉर्कला भांड्यांचे आयातदार डझनांनी होते आणि मेसीचं दुकान सर्वांना दिसत होतं. इतरांनी तळघर का घेतलं नाही? माझा अंदाज असा की प्रतिष्ठित ठोक व्यापाऱ्याला किरकोळ काउंटर, तेही दुसऱ्याच्या पाटीखाली, कमीपणाचं वाटलं असणार. शिवाय आपलेच गिऱ्हाईक असलेले दुकानदार रागावतील ही भीती होतीच. ज्याच्या बापाने शिंप्याच्या दुकानात माल मांडला होता त्याला कमीपणाचा प्रश्न पडला नसेल.

वाटणी

लाझारस 1898 मध्ये वारला. 1902 मध्ये मेसीज हेरल्ड स्क्वेअरला गेलं. नेथन न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत पाश्चराइज्ड दूध वाटण्याच्या कामात आधीच गुंतला होता. ते काम 1893 मध्ये सुरू झालं होतं. ऑस्कर तुर्कस्तानात अमेरिकेचा राजनैतिक प्रतिनिधी होऊन गेला आणि 1906 मध्ये वाणिज्य आणि कामगार खात्याचा मंत्री झाला, अमेरिकी मंत्रिमंडळातला पहिला ज्यू. ज्या जकात अधिकाऱ्यांनी त्याच्या घरच्या पेट्या उघडल्या ते खातं मात्र अर्थमंत्र्याच्या हाताखालीच राहिलं. 1912 मध्ये इसिडोर आणि त्याची बायको आयडा टायटॅनिकबरोबर बुडाले.

त्यानंतर घराण्यात वाटणी झाली. इसिडोरच्या मुलांनी, जेसी, पर्सी आणि हर्बर्ट यांनी, मेसीज घेतलं. नेथनच्या बाजूला अब्राहम अँड स्ट्राउसमधला वाटा आला, आणि त्याबरोबर एल. स्ट्राउस अँड सन्स ही मूळची भांड्यांची आयात पेढी.